कैरी, कंट्रोल आणि इंटरव्ह्यूची खोली: कल्पनेनं शरीराची प्रतिक्रिया बदलते का?



लेख सुरू करण्याआधी अर्धा मिनिट द्या. एक कैरी डोळ्यांसमोर आणा. हिरवीगार, कडक, देठाशी चीक वाळलेला. विळीवर ती चिरली तेव्हा 'कच्च' असा आवाज आला. आतली पांढरी कोय दिसली, आंबट वास नाकात गेला. फोडीला मीठ-तिखट लावलं. आता ती फोड दाढेखाली धरा आणि चावा.

तोंडाला पाणी सुटलं? बहुतेकांना सुटतंच. आता हे वाक्य वाचा: कैरी म्हणजे आंब्याचं कच्चं फळ असून त्यात सायट्रिक आम्ल असतं. काही झालं नाही ना? विषय तोच, माहितीही खरी, पण लाळग्रंथींना तिच्याशी काही देणंघेणं नाही. पहिल्या वेळी तुम्ही कैरी पाहिली, ऐकली, हुंगली, चाखली. दुसऱ्या वेळी फक्त कैरीबद्दल वाचलं. आजचा लेख या फरकाबद्दल आहे. संवेदनांसकट केलेली कल्पना शरीराची आणि मनाची प्रतिक्रिया खरंच बदलू शकते का, कुठपर्यंत बदलते, आणि संशोधनाच्या वाटेवर असलेल्या आपल्यासारख्यांना त्याचा काय उपयोग, हे पाहू.

हा विषय माझ्या वाट्याला कसा आला

एम.एस्सी. झाल्यावर मी सेट पास झाले, 'पेट' दिली आणि पीएच.डी.च्या इंटरव्ह्यूला बसले. तयारी चांगली होती. शिवाय त्या काळात एका मैत्रिणीनं पाठवलेल्या व्हिडिओतला सल्ला मी मनावर घेतला होता: 'जे हवं ते रोज डोळ्यांसमोर आणा.' मी रोज रात्री आणायचे. दारावर 'डॉ.' लावलेली नावाची पाटी. आई शेजारीपाजारी पेढे वाटतेय. पाटीचा रंग, अक्षरांचा आकार, सगळं ठरलेलं.

प्रत्यक्ष इंटरव्ह्यूत तिसराच प्रश्न आला: "या प्रयोगात तुमचा कंट्रोल कोणता?" याचं उत्तर माझ्या सिनॉप्सिसच्या चौथ्या पानावर, मीच लिहिलेलं होतं. पण तोंड कोरडं पडलं, कानात घूं घूं व्हायला लागलं आणि डोकं एकदम रिकामं झालं. मी टेबलावरच्या काचेकडे बघत बसले. पॅनेलवरच्या मॅडमनी प्रश्न सोपा करून पुन्हा विचारला, तरी नाही सुचलं. ते वर्ष गेलं.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. दारावरची पाटी मला पाठ होती. पण त्या खोलीतली खुर्ची, समोरची पाच माणसं, कोरडं पडलेलं तोंड, यातलं काही मी एकदाही मनात पाहिलं नव्हतं. मग मी या विषयावरचे पेपर वाचायला लागले. आणि गंमत म्हणजे, ज्या प्रश्नावर मी अडखळले, तोच प्रश्न प्रत्येक पेपरला विचारावा लागला: यात कंट्रोल कोणता?

डोळ्याची बाहुली खोटं बोलत नाही

कल्पनेवर संशोधन करताना पहिलीच अडचण येते. समोरच्या माणसानं खरंच कल्पना केली की नाही, हे कळणार कसं? तो म्हणतो, "हो, मला सूर्य दिसला." आपण विश्वास ठेवायचा. पण विज्ञानात एवढ्यावर भागत नाही. म्हणून असं काहीतरी मोजायला हवं, जे माणसाला ठरवून करता येत नाही.

डोळ्याची बाहुली अशी आहे. उजेडात ती आकसते, अंधारात मोठी होते, आणि हे काम आपली स्वायत्त मज्जासंस्था परस्पर करते. 'आता बाहुली लहान कर' असं सांगून ती लहान होत नाही. २०१४ साली ऑस्लो विद्यापीठातल्या ब्रूनो लेंग आणि उन्नी सुलुटवेट यांनी याचा उपयोग केला. त्यांनी लोकांना कमी-जास्त उजळ त्रिकोण दाखवले. मग पडदा रिकामा करून तेच त्रिकोण मनात आणायला सांगितले. पडद्यावरचा उजेड बदललेला नव्हता. तरीही उजळ आकार आठवताना बाहुल्या लहान झाल्या आणि गडद आकार आठवताना मोठ्या. ऊन पडलेलं आकाश आणि काळोखी खोली, अशा दृश्यांची कल्पना करायला सांगितल्यावरही हेच चित्र दिसलं.

इथे थांबून स्वतःला विचारा: याचं दुसरं स्पष्टीकरण असू शकतं का? असू शकतं. डोक्याला ताण दिला की बाहुली मोठी होते, हे आधीपासून माहीत आहे. कल्पना करणं कष्टाचं काम आहे, म्हणून बाहुली बदलली असेल का? पण कष्टानं बाहुली फक्त मोठी होईल. उजळ आकाराच्या वेळी ती लहान का व्हावी? म्हणजे केवळ 'मेहनत' हे उत्तर पुरत नाही. पेपर वाचताना असं वाद घालत वाचायची सवय आत्तापासूनच लावा.

यातून आणि अशा अनेक प्रयोगांतून आज बरेच संशोधक ज्या मताला आले आहेत, ते सोप्या भाषेत असं: कल्पना म्हणजे सौम्य अनुभव. प्रत्यक्ष बघताना-ऐकताना मेंदूतली जी यंत्रणा चालते, तिचा बराचसा भाग कल्पना करतानाही चालतो, फक्त आवाज बारीक केलेला असतो. हे एकदा ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं. कल्पना जर अनुभवाचं सौम्य रूप असेल, तर अनुभवाला लागू असलेले नियम तिलाही लागू व्हायला हवेत. होतात का, ते एकेक करून बघू.

शब्दांत विचार वेगळा, चित्रात वेगळा

कैरीचा प्रयोग आपण घरगुती केला. त्याचं काटेकोर रूप एमिली होम्स आणि अँड्र्यू मॅथ्यूज यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलं. लोकांना अप्रिय प्रसंगांची वर्णनं ऐकवली. एका गटाला सांगितलं, हे डोळ्यांसमोर आणा. दुसऱ्याला सांगितलं, शब्दांच्या अर्थाचा विचार करा. वर्णनं तीच. पण चित्र उभं करणाऱ्यांची अस्वस्थता जास्त वाढली. म्हणजे 'मला भीती वाटेल' असा विचार करणं आणि भीतीचा प्रसंग पाहणं, या मनासाठी दोन निराळ्या गोष्टी आहेत.

त्याच्याही आधी, १९७० च्या दशकाच्या शेवटी, पीटर लँग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं एक महत्त्वाचा मुद्दा मांडला होता. मनातल्या चित्रात फक्त 'समोर काय आहे' एवढंच नसतं. 'माझं शरीर काय करतंय' हेही असतं. त्याच्या प्रयोगांत काही लोकांना दृश्याचे तपशील रंगवायला शिकवलं, तर काहींना आपल्या शरीराच्या प्रतिक्रिया चित्रात आणायला शिकवलं: छाती धडधडतेय, स्नायू ताठले आहेत, तळहाताला घाम आलाय. ज्यांनी शरीर चित्रात आणलं, त्यांच्या शरीरानं जास्त प्रतिसाद दिला. 'डोळ्यांसमोर आणा' हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. डोळे हे पाचांतलं एक ज्ञानेंद्रिय, आणि शरीर त्याहून मोठं.

तीस गोळ्यांचा हिशेब

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग. २०१० साली 'सायन्स'मध्ये केरी मोरवेज, यंग यून हू आणि योआकिम वोसगेराऊ यांचा तो प्रसिद्ध झाला. प्रश्न असा: खाण्याची कल्पना केली की खावंसं जास्त वाटतं की कमी?

कैरीच्या अनुभवावरून आपण म्हणू, जास्त. पण खऱ्या अनुभवाचा नियम काय सांगतो? पहिला गुलाबजाम खाताना जो आनंद असतो, तो दहाव्याला नसतो. आपण सरावतो. मग कल्पनेतही सरावू का?

त्यांनी तीन गट केले. प्रत्येकाला तेहेतीस वेळा एक कृती मनात करायची होती. पहिल्या गटानं कपडे धुण्याच्या मशीनमध्ये तेहेतीस नाणी टाकल्याची कल्पना केली. दुसऱ्यानं तीस नाणी टाकली आणि तीन चॉकलेट गोळ्या खाल्ल्या. तिसऱ्यानं तीन नाणी टाकली आणि तीस गोळ्या एकेक करून खाल्ल्या. सगळं मनातल्या मनात. मग प्रत्येकापुढे खऱ्या गोळ्यांचा वाडगा ठेवला. मनात तीस गोळ्या खाल्लेल्यांनी प्रत्यक्षात इतरांपेक्षा कमी खाल्ल्या.

आता कंट्रोलकडे बघा. तेहेतीस नाणी कशासाठी? म्हणजे तिन्ही गटांचे श्रम, वेळ आणि कंटाळा सारखा राहावा म्हणून. नाणं फटीत सरकवणं आणि गोळी तोंडात टाकणं, या हाताच्या हालचालीही मिळत्याजुळत्या. पुढच्या प्रयोगात त्यांनी काही लोकांना गोळ्या खाण्याऐवजी वाडग्यात टाकल्याची कल्पना करायला सांगितली. त्यांचं खाणं कमी झालं नाही. म्हणजे गोळ्यांचा नुसता विचार पुरत नाही, *खाण्याचीच* कल्पना हवी. आणि गोळ्या मनात खाल्ल्यानं चीजवरची इच्छा कमी झाली नाही. परिणाम ज्या पदार्थाची कल्पना केली त्याच्यापुरताच राहिला. एकेक शंका, एकेक कंट्रोल. तुमचा सिनॉप्सिस लिहिताना हा पेपर शेजारी ठेवा, असं मी खरंच सांगेन.

आपल्या विषयासाठी यातून मिळालं ते हे: थोडीशी कल्पना इच्छा चाळवते, तीच कल्पना पूर्ण आणि वारंवार केली की प्रतिक्रिया शांत होते. कैरीच्या एका फोडीनं तोंडाला पाणी सुटतं. तीस फोडी मनात सावकाश खाऊन बघा.

भीतीलाही हाच नियम लागू होतो का?

भीती कमी कशी होते, हे अभिसंधानाच्या प्रयोगांतून बरंच कळलेलं आहे. एखाद्या आवाजानंतर दर वेळी शॉक बसला की नुसत्या आवाजानंही अंगावर काटा येतो. मग तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला आणि शॉक दिला नाही, तर प्रतिक्रिया हळूहळू विझते. याला विलोपन म्हणतात.

२०१८ मध्ये मॅरिएन रेडन, टॉर वेगर आणि डॅनिएला शिलर यांनी 'न्यूरॉन'मध्ये विचारलं: हे विलोपन नुसत्या कल्पनेनं होईल का? अडुसष्ट लोकांना आधी एका ठरावीक आवाजासोबत सहन होईल असा, पण नकोसा शॉक देऊन त्या आवाजाची धास्ती लावली. मग तीन गट केले. एका गटानं तो आवाज खरोखर पुन्हा पुन्हा ऐकला, शॉकशिवाय. दुसऱ्यानं तो आवाज फक्त मनात 'वाजवला', शॉकशिवाय. तिसऱ्यानं पक्ष्यांचे, पावसाचे सुखद आवाज मनात आणले.

तिसरा गट कशासाठी, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. तोही एफएमआरआय मशीनमध्ये तितकाच वेळ पडून होता, तोही कल्पनाच करत होता, त्यालाही या टप्प्यात शॉक बसत नव्हता. तरी नंतर भीतीची प्रतिक्रिया जास्त कमी झाली ती पहिल्या दोन गटांत, आणि मनात आवाज वाजवणाऱ्यांचा परिणाम खरोखर ऐकणाऱ्यांच्या तोडीचा होता. मेंदूच्या पुढच्या भागातली, भीतीला लगाम घालणारी यंत्रणाही दोन्हीकडे सामील दिसली.

म्हणजे भीती वाटली की 'छान छान आठव', समुद्रकिनारा डोळ्यांसमोर आण, हा सल्ला त्या क्षणापुरता बरा. पण भीतीची प्रतिक्रिया बदलायची असेल, तर भीतीच्याच गोष्टीची कल्पना करावी लागते, आणि ती वाईट शेवटाशिवाय पूर्ण करावी लागते.

आता आपण सहसा काय करतो ते आठवा. इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री चित्र तर येतंच. 'मन चिंती ते वैरी न चिंती' म्हणतात ते उगीच नाही. पॅनेल हसतंय, आपण अडखळतोय, आणि चित्र तिथेच तुटतं. घाबरून आपण मोबाइल हातात घेतो. थोड्या वेळानं पुन्हा तेच चित्र, तिथपर्यंतच. वरच्या प्रयोगाच्या भाषेत सांगायचं तर आपण दर वेळी आवाज वाजवतो आणि दर वेळी स्वतःला शॉक देतो. विलोपन व्हायला वावच ठेवत नाही. हा माझा तर्क आहे, स्वतंत्र प्रयोग नव्हे. पण तत्त्व तेच.

बोटं न हलवता वाजवलेला पियानो

भीती कमी होणं वेगळं आणि कौशल्य येणं वेगळं. त्यासाठी १९९५ चा अल्वारो पास्कुआल-लिओन यांचा प्रयोग पाहू. पियानो न येणाऱ्या लोकांना पाच बोटांचा एक छोटा सराव दिला. एका गटानं रोज दोन तास, पाच दिवस तो प्रत्यक्ष वाजवला. दुसरा गट तितकाच वेळ पियानोसमोर बसून, बोटं न हलवता मनात वाजवत राहिला. डोक्याजवळ चुंबकीय कॉइल धरून रोज पाहिलं, तर बोटांच्या स्नायूंना हुकूम देणारा मेंदूतला भाग दोन्ही गटांत विस्तारलेला आढळला.

इथेच बहुतेक व्हिडिओ थांबतात आणि 'बघा, कल्पना पुरेशी आहे' म्हणतात. पेपर तिथे थांबत नाही. पाच दिवसांनंतर मनात वाजवणारे प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांपेक्षा मागेच होते. पण त्यांना दोन तासांचा एकच प्रत्यक्ष सराव दिला आणि ते बरोबरीला आले. प्रत्येक गटात मोजकीच माणसं होती, हेही विसरू नका. निष्कर्ष असा: कल्पना सरावाची जागा घेत नाही, ती सरावाची जमीन नांगरून ठेवते. बी शेवटी हातानंच पेरावं लागतं.

पाटी की टेबल?

आता माझ्या 'डॉ.'च्या पाटीकडे येऊ. तिचं काय चुकलं होतं?

१९९९ मध्ये लिएन फाम आणि शेली टेलर यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग अगदी आपल्यासारख्या विद्यार्थ्यांवर होता. कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात मानसशास्त्राची मधल्या सत्राची परीक्षा जवळ आली होती. काही विद्यार्थ्यांनी परीक्षेपर्यंत रोज पाच मिनिटं निकालाची कल्पना केली: आपण निकालाच्या फलकासमोर उभे आहोत, श्वास रोखलाय, उत्तम ग्रेड दिसते, आनंद होतो. दुसऱ्यांनी अभ्यासाची कल्पना केली: टेबलापाशी किंवा लायब्ररीत बसलो आहोत, प्रकरणं वाचतोय, नोट्स चाळतोय.

अभ्यासाची कल्पना करणाऱ्यांचे गुण सुधारले. त्यांचं नियोजन बरं झालं आणि धास्ती कमी झाली, हे त्यामागचं कारण दिसलं. निकालाची कल्पना करणाऱ्यांनी मात्र ती न करणाऱ्यांपेक्षा कमी तास अभ्यास केला आणि त्यांचे गुणही कमी पडले.

असं का व्हावं? 'सौम्य अनुभव' हे सूत्र पुन्हा लावून बघा. यशाची कल्पना म्हणजे यशाचा सौम्य अनुभव, आणि यश मिळालेला माणूस काय करतो? निवांत होतो. हेदर कापेस आणि गाब्रिएले ओटिंगन यांनी २०११ मध्ये हेच तपासलं. रम्य भविष्याची स्वप्नं रंगवणाऱ्यांच्या अंगातला कामाचा जोर उतरलेला दिसला, आणि तो त्यांनी रक्तदाबाच्या वरच्या आकड्यावरूनही मोजला. मी रोज रात्री पेढे वाटत होते. पेढे वाटून झालेल्या माणसाला घाई कसली?

आणि ज्यांना चित्रच दिसत नाही?

सुरुवातीला कैरीनं तोंडाला पाणी सुटलं नसेल, डोळे मिटल्यावर नुसता काळोख असेल, तर घाबरू नका. तुम्ही एकटे नाही. १८८० साली फ्रान्सिस गाल्टननं लोकांना सकाळच्या न्याहारीचं टेबल मनात आणायला सांगितलं होतं. काहींना ते लख्ख दिसलं. पण कित्येक वैज्ञानिक मित्र म्हणाले की असलं काही 'दिसतं' ही निव्वळ बोलण्याची पद्धत असेल! २०१५ मध्ये अ‍ॅडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्थितीला 'अ‍ॅफँटेझिया' असं नाव दिलं.

२०२१ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी अशा लोकांना अंधाऱ्या खोलीत भीतिदायक गोष्टी वाचायला दिल्या. इतरांच्या त्वचेची विद्युतवाहकता वाढत गेली, म्हणजे घामाच्या ग्रंथी कामाला लागल्या. अ‍ॅफँटेझिया असलेल्यांची रेषा जवळपास सपाट राहिली. पण भयानक फोटो दाखवल्यावर दोन्ही गट सारखेच दचकले. म्हणजे भीतीची यंत्रणा त्यांच्यातही शाबूत असते. शब्दांपासून भीतीपर्यंत नेणारा चित्राचा पूल तेवढा नसतो. तुम्ही असे असाल तर पुढची कृती मनात न करता प्रत्यक्ष जागेवर, उभं राहून, बोलून करा.

मग करायचं काय?

इंटरव्ह्यू, कोर्सवर्कचं प्रेझेंटेशन, व्हायवा, काहीही असो. वरच्या पेपरांतून मी स्वतःसाठी काढलेली पद्धत अशी:

१. निकाल नको, प्रसंग घ्या. पाच मिनिटांचा एकच तुकडा निवडा. दारावर नाव पुकारल्यापासून तिसऱ्या प्रश्नापर्यंत, बस.

२. पाचही इंद्रियं वापरा. शक्य असेल तर ती खोली आधी बघून या. पंख्याची घरघर, एसीचा गारठा, खुर्ची सरकवल्याचा आवाज, नव्या झेरॉक्सचा वास, हातातली फाइल.

३. शरीर चित्रात आणा. तोंड कोरडं पडलंय, छाती धडधडतेय. हे टाळू नका. प्रत्यक्षात ते होणारच आहे.

४. मग कृती आणा. पाण्याचा घोट घेतला. "सर, प्रश्न पुन्हा सांगाल का?" असं विचारलं. "हे मला नक्की माहीत नाही, पण मी असं तपासून पाहीन," असं म्हटलं. ही वाक्यं मनात पुटपुटू नका, आवाजासकट ऐका.

५. चित्र मध्येच तोडू नका. धास्ती चढेल, मग उतरेल. उतरेपर्यंत खुर्चीत बसून राहा. प्रश्न संपले, तुम्ही 'थँक यू' म्हणून बाहेर आलात, इथपर्यंत जा.

६. रोज करा, आणि शेवटी प्रत्यक्ष करा. पियानोवाल्यांचा तो एक खरा सराव आठवा. तीन मित्रांना टेबलापलीकडे बसवा आणि त्यांना आडवेतिडवे प्रश्न विचारू द्या.

एक सूचना मात्र गंभीरपणे घ्या. हे सगळं परीक्षा-इंटरव्ह्यूच्या नेहमीच्या धास्तीसाठी आहे. अपघात, हिंसा, अत्याचार अशा आठवणी एकट्यानं मनात पुन्हा उभ्या करू नका. त्यासाठी प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ असतात आणि ते हे टप्प्याटप्प्यानं, आधार देत करतात. रात्रीची झोप उडत असेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक जवळ ठेवा.

आणि माझं काय झालं?

पुढच्या वर्षी मी पुन्हा इंटरव्ह्यूला बसले. दीड महिना रोज पाच मिनिटं त्या खुर्चीत बसून झालं होतं, मनात. रूममेट्सनी दोनदा घाम फोडला होता, प्रत्यक्षात. पॅनेलनं कंट्रोलबद्दल पुन्हा विचारलंच. तोंड पुन्हा कोरडं पडलं, कानात पुन्हा घूं घूं झालं. पण यावेळी ते ओळखीचं होतं. मी पाण्याचा घोट घेतला आणि उत्तर दिलं.

याचा अर्थ कल्पनेमुळे माझी निवड झाली का? तसं मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही कुणाला तसं म्हणू देऊ नका. दुसऱ्या वेळी सिनॉप्सिस सुधारला होता, वाचन वाढलं होतं, वर्षभराचं शहाणपण आलं होतं, आणि पॅनेलवरची काही माणसंही वेगळी होती. यातलं नेमकं कशामुळे काम झालं, ते सांगता येत नाही. कारण माझ्या या प्रयोगात कंट्रोलच नव्हता.

बघा, उत्तर सुचलं शेवटी.

तुमचाही इंटरव्ह्यू जवळ आला असेल तर आज रात्री पेढे राहू द्यात. खुर्ची ओढा आणि बसा.